दिव्याला पडलेलं खळं

मामांचा उजवा डोळा नेमका कधी गेला ते आम्हा घरच्यांना सांगता येत नाही. डावा मात्र आमच्या समोर, रोज थोडा थोडा जात होता, आणि त्याच दिवसांत त्यांच्या चित्रांना कधी नव्हे एवढी मागणी होती. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे मला फार उशिरा कळलं. 

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामा पेंटर. घरं रंगवणारे नव्हेत, अक्षरं लिहिणारे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती. तीर्थपुरीच्या बाजारात उभं राहून मान फिरवली तर एके काळी जिकडेतिकडे त्यांचंच अक्षर दिसायचं म्हणे. मी आष्टीहून लग्न होऊन इथं आले तोवर फ्लेक्सवाल्यांनी त्यातलं बरंचसं खाल्लं होतं. नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळे मामांचे रंग आणणं, ब्रश धुणं, कुणाचा निरोप आला तर घेणं, हे आपोआप माझ्याकडे आलं. मी काही तक्रार केली नाही. पोळ्या लाटण्यापेक्षा ते बरं होतं.

त्यांचा धंद्यातला नियम एकच होता. धावत्या एसटीतल्या माणसाला पाटी वाचता आली पाहिजे. 'ज्या पाटीपुढं माणूस थांबला ती पाटी फेल,' असं ते म्हणायचे.

आणि मग तो हॉटेलवाला आला. मूळचा पुण्याचा, गोव्यात समुद्राकाठी त्याचं हॉटेल, तिथं रोज गाणीबजावणी. मोटरसायकलवरून कुठंतरी निघाला होता. रस्त्यात उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर मामांचं फुगीर अक्षर दिसलं आणि ट्रॉलीवाल्याला विचारत विचारत आमच्या दारात उभा राहिला. केस पाठीपर्यंत, हातात मण्यांची माळ. आत्यांना वाटलं कुणी गोसावी आहे, म्हणून त्यांनी पीठ आणलं. तो बिचारा ते पीठ हातात घेऊन बसला.

त्याला हवी होती पोस्टरं. फोटो माझ्या फोनवर आले, कारण मामांचा फोन बटणांचा. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत, इंग्लंडात माळरानांवर गाण्यांच्या जत्रा भरायच्या, त्यांची ती पोस्टरं. पहिलं बघून मला गरगरलंच. एका बाईचे केस ज्वाळांसारखे वर चाललेत आणि प्रत्येक बट म्हणजे एकेक अक्षर. दुसऱ्यात मोठा डोळा, डोळ्यात सूर्य, आणि सूर्याभोवती काकवीसारखी ओघळणारी इंग्रजी अक्षरं. भगवा, राणी, पोपटी, जांभळा असे सगळे रंग एकदम. लग्नात सगळ्या आत्यामावश्यांनी आपापली भडक साडी नेसून एकाच सोफ्यावर बसावं तसे.

मामांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला. "काय लिहून राह्यलेत हे? अक्षरच लागत न्हाई."

"लागू नये म्हणूनच तसं लिहिलंय, काका," हॉटेलवाला म्हणाला. "ज्याला खरंच यायचंय तो थांबेल, बघत बसेल, शोधून काढेल. बाकीच्यांनी जावं पुढं."

मग त्यानं त्या जत्रांची हकिकत सांगितली. तीन तीन दिवस उघड्यावर, चिखलात बसून पोरंपोरी गाणी ऐकायची. लढाई नको म्हणायची, केस वाढवायची, आईबापाचं काही एक ऐकायची नाहीत.

"तसली पोरं आपल्याकडं बी हायेत," मामा म्हणाले. "गाणी तेवढी न्हाईत."

 पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं ओघळणारी अक्षरं काढून बसलेले. आयुष्यभर लांबून वाचता यावं म्हणून लिहिणारा माणूस जवळूनही वाचता येऊ नये म्हणून खटपट करत होता, आणि त्यात चक्क रमला होता. लाल रंगाला अगदी तेवढ्याच वजनाचा, म्हणजे तेवढाच गडद निळा लावला की दोघांची कड थरथरते. पाटी लिहिताना ही चूक समजतात. मामांनी ती मुद्दाम करायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मामा, डोळे दुखतात बघून." ते म्हणाले, "दुखू दे. तेवढ्यासाठीच हाये ते."

जाड कागदावर पोस्टर कलरनं केलेली ती चित्रं गोव्याला गेली, मग पुण्याला, मग बंगळूरला. मी त्यांची गुंडाळी करून प्लास्टिकच्या नळीत घालायचे आणि एसटीनं पाठवायचे. चौकटीत हवी असली तर शेजारच्या गल्लीतले चाचा करून द्यायचे. चाचा काचा आणि चौकटीवाले, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांना ती चित्रं बिलकुल आवडायची नाहीत. "भाई, ये क्या पागलखाना बना रए," म्हणायचे, आणि चौकट मात्र झकास करायचे.

थंडीत हॉटेलवाला पुन्हा आला. त्यानं एक खरंखुरं जुनं पोस्टर आणलं होतं, कुणा म्हाताऱ्या गोऱ्याकडून मिळालेलं. कागद पिवळा पडलेला, मधून घडी, चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. मामांनी ते खिडकीशी नेलं. कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून, तुकड्या तुकड्यानं ते बघत राहिले. मला हसू आलं. 

"ह्या माणसानं आधी पाट्या लिहिल्यात," ते म्हणाले.

"कशावरून, काका?"

"हात थांबतो कुठं ते बघ की. हाये का तो अजून?"

"कोण?"

"लिहिणारा."

हॉटेलवाल्याला ठाऊक नव्हतं. "बहुतेक नसेल. फार वर्षं झाली," तो म्हणाला. मामांनी पोस्टर स्वतःच गुंडाळलं आणि नळीत घालायला गेले. गुंडाळी नळीच्या शेजारी गेली. पुन्हा घातली, पुन्हा शेजारी. "ह्याचं तोंड लई बारीक हाये," ते म्हणाले. नळीचं तोंड चांगलं रुंद होतं. मी पुढं होऊन ती घातली आणि चहा टाकायला गेले.

त्याच थंडीत मामांनी चंद्राचं चित्र काढलं. हॉटेलवाल्याला त्याच्या समुद्राकाठच्या गाण्यांसाठी जुन्या धर्तीचं काहीतरी हवं होतं. मधे पांढरा चंद्र आणि त्याला खळं पडलेलं, भोवती उजेडाचं कडं. आत निळं-जांभळं, मग हिरवं, पिवळं, सगळ्यांत बाहेर तांबडं. कड अशी विरघळलेली की रंग ओला आहे वाटून मी बोट लावून बघितलं.

आत्या म्हणाल्या, "चंद्राला खळं पडतंय ते असलं रंगीत कुठं असतंय?"

"मला दिसतंय तसं काढलंय," मामा म्हणाले. "दिवेलागणीला बल्ब लावला की बराबर असंच दिसतंय. बल्बला बी, चाचाच्या दुकानातल्या ट्यूबला बी, मोटरसायकलच्या लाइटला बी."

ते इतक्या सरळपणे म्हणाले की आम्ही सगळे हसलो. मीच म्हटलं, "मामा, गोव्याचं वारं लागलं तुम्हाला."

हॉटेलवाला तर वेडा झाला. हे जुन्या पोस्टरांतसुद्धा नाही, हे नवीनच आहे, काकांनी कुठून काढलं, असे निरोपांवर निरोप. मग सगळ्यांनाच खळी हवी झाली. सूर्याला खळं, गिटारीला खळं, नाचणाऱ्या बाईच्या डोक्यामागं खळं.

संध्याकाळ झाली की मामांचं डोकं उठायचं. डोळ्यापासून कपाळापर्यंत ठणका, डोळा लाल, एकदोनदा उलटीसुद्धा. आत्या सुंठ उगाळून कपाळाला लावायच्या, दिवा घालवायच्या आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. सकाळी उठले की काही झालंच नाही असे. आणि उठल्या उठल्या ब्रश. आदल्या संध्याकाळी जे दिसलं ते कागदावर उतरवायची त्यांना घाई असायची. ठणका जितका जास्त, तितकं दुसऱ्या दिवशीचं चित्र चांगलं. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

डोळ्यांबद्दल घरात बोलणं झालं नव्हतं असं नाही. खळ्यांची मागणी वाढली त्याच दिवसांत गावात मोफत तपासणीचं शिबिर भरलं होतं. मामा एकटेच जाऊन आले आणि म्हणाले, "मोतीबिंदू हाये. पण पिकला न्हाई अजून. पिकल्यावर या म्हणले." आमच्या भागात हे लहान पोरालाही पटतं. कच्चा मोतीबिंदू काढत नाहीत. तो पिकावा लागतो, मग काढतात. मी म्हटलं, हल्ली तसं काही नसतं, माझ्या आईचा कच्चा असतानाच काढला, छान दिसतंय तिला. नवरा म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय ना? मंग तू काय डॉक्टर लागून गेली का?" आत्या म्हणाल्या, घाई कशाला, हात चालून राह्यलाय ना बराबर. आणि मामा तर विषय निघाला की उठूनच जायचे. मोतीबिंदू पिकायची वाट बघत आमचं सगळं घर बसलं.

पावसाळा संपता संपता चित्रं लहान व्हायला लागली. कागद तेवढाच, पण चित्र मधोमध गोळा झालेलं आणि चारी बाजूंना काळा रंग. महिन्या-महिन्यानं तो काळा आत सरकत होता. हॉटेलवाला म्हणाला, बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं, नजर हलतच नाही. चाचा म्हणाले, "भाई, कागज़ इत्ता बड़ा लेते, काम इत्तासा करते. किनारा कायकू काला कर रए?" मामा म्हणाले, "किनाऱ्यावर हायेच काय काढायला?" चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं आणि सुतळी गुंडाळत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका पोरीचं लग्न निघालं. तिच्या वडिलांनी हट्ट धरला, फ्लेक्स नको, भिंत मामांनीच रंगवायची. आमच्याकडे लग्नघराच्या दारावर गणपती काढतात, खाली नवरानवरीची नावं, आणि दाराच्या दोन बाजूंना हातात काठी घेतलेले भालदार-चोपदार. असल्या भिंती मामांनी किती काढल्या असतील त्याला गणती नाही. मी रंगाचे डबे धरून खाली उभी होते. गणपती सुरेख झाला. उजवीकडचा चोपदार तर असा झाला की आता बोलेल. मग ते डावीकडे गेले. मी रंग कालवायला वाकले होते. वर बघितलं तर मामा शिडीवरून उतरून पंच्याला हात पुसत होते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

 डावीकडच्या भालदाराला काठीचा हातच नव्हता. खांद्यापाशी चित्र थांबलं होतं. खाली नवरीचं नाव उतरत उतरत चौकटीच्या लाकडावर गेलं होतं आणि शेवटचं अक्षर लाकडावर होतं.

नवरीची आत्या पहिल्यांदा बोलली. "हात तुटका माणूस दारात? आन् पोरीचं नाव घराबाहेर?"

मग एकच गलका. कुणी म्हणालं पत्रिका पुन्हा दाखवा, कुणी म्हणालं ग्रहांची शांत करा, कुणी लगेच लिंबू-मिरची आणायला धावलं. नवरी आत जाऊन रडायला लागली. संध्याकाळपर्यंत भिंतीवर चुना फिरला आणि दुसऱ्या दिवशी तिथं फ्लेक्स लागला. लग्न होईपर्यंत साऱ्या गल्लीत एकच विषय, की त्या पोरीचं पुढं कसं व्हायचं. तिचं छान चाललंय. पण त्या दिवशी सगळे तिच्या नशिबाकडे बघत होते, आणि ज्यानं भिंत काढली होती तो माणूस बाजूला उभा राहून ब्रश डब्यात ठेवत होता. ब्रश डब्याच्या शेजारी ठेवला. मातीत पडला. त्यांनी हात झटकला आणि निघाले. ब्रश पडल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

मी तो उचलून पुसला. संताप येत होता, लिंबू-मिरचीवाल्यांचा, मोतीबिंदू पिकण्याचा, माझ्या नवऱ्याचा. संध्याकाळी चाचा आले. मामा पडले होते. चाचा दारातच मला हळू आवाजात म्हणाले, "बहू, कल परसों मेरे सामने चाय कप के बाजू में डाले. मैं कुछ बोला नहीं. इनकू जालना ले जाव, जल्दी."

मी नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, तू ये नाहीतर येऊ नको, मी उद्या त्यांना घेऊन निघाले. तो बसस्टँडवर घ्यायला आला. मामा सगळ्या वाटेनं म्हणत होते, "पिकला न्हाई अजून, उगा खर्चा करून राह्यले तुम्ही." 

डॉक्टर बाई होत्या, माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी डोळ्यांत औषध घातलं, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, उजेड पाडून बघितलं. मग एका अंधाऱ्या खोलीत मामांना पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनपुढं बसवलं आणि हातात बटण दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. मी दाराशी उभी राहून बटणाचा आवाज ऐकत होते. उजव्या डोळ्याच्या वेळी एकदाही आला नाही. डाव्याच्या वेळी आला, थांबला, मग बराच वेळ नाही, मग एकदा. मला वाटलं ते दमले असतील. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

मग बाईंनी छापलेला कागद टेबलावर ठेवला. काळा चौकोन, आणि मधे फिकट डाग. हे चित्र मी ओळखत होते. मी ते किती वेळा गुंडाळून गोव्याला पाठवलं होतं.

"मोतीबिंदू नाही हा," बाई म्हणाल्या. "काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते. दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती का, बाबा? डोकं दुखायचं?"

मामा बोटावरचा वाळलेला रंग खरवडत होते.

"उजवा गेलाय. डाव्यात मधलं थोडं उरलंय. गेलेलं परत येत नाही, तेवढं सांगते. आहे ते टिकवायचं. शिबिरात कुणी तपासलं होतं तुम्हाला? हे तिथंच दिसायला हवं होतं."

मामा खाली बघत म्हणाले, "न्हाई गेल्तो."

"म्हणजे?" नवरा म्हणाला.

"गेटापत्तर गेल्तो. लायनीत बसलो न्हाई. लिंबाखाली बसलो जरासा आन् आलो परत."

"आन् मोतीबिंदू?"

"मीच म्हणलो."

नवरा उठून बाहेर गेला. तो भिंतीला डोकं टेकून उभा होता हे मला काचेतून दिसत होतं.

परतीच्या एसटीत मी मामांच्या शेजारी बसले. आत्ता नाही विचारलं तर कधीच नाही, असं वाटलं. "का केलं असं, मामा?" मी विचारलं. मला वाटलं, भीती वाटली म्हणतील. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"गणपती काढा म्हणले, काढला. निवडणुकीला ज्याचं त्याचं चिन्ह काढलं. सुविचार लिहा म्हणले, लिहिले, मला एक बी पटला न्हाई. मला काय दिसतंय ते कधी कुणी विचारलं न्हाई, मी बी काढलं न्हाई. पहिल्यांदा काढलं ते खळं. आन् लोकांनी मागून मागून नेलं. डॉक्टरनं ते घालवलं असतं. मंग?"

"मंग डोळे राहिले असते!" मी ओरडलेच. पुढच्या बाकड्यावरच्या बाईनं वळून बघितलं.

"डोळे होते की इतकी वर्षं," मामा म्हणाले.

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. त्याच वेळी त्यांचा हात धरून रडावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता मी खिडकीबाहेर बघत बसले.

लेझर झालं, थेंब सुरू झाले. सकाळी आणि संध्याकाळी एकेक थेंब, जन्मभर. डोकेदुखी थांबली. आत्यांनी देवापुढं नारळ फोडला. आणि खळी गेली. मामा दिवेलागणीला अंगणात बसून बल्बकडे बघत राहायचे, कुणीतरी यायचं कबूल करून आलं नाही तसे. चित्रं काढायचे, पण त्यातली खळी आता परकारानं काढल्यासारखी गोल आणि मेलेली असायची. हॉटेलवाला सांभाळून म्हणाला, "छान आहे, पण काकांचं पहिल्यासारखं नाही वाटत."

दिवाळीनंतर एका सकाळी मी त्यांच्या खोलीत झाडायला गेले तर कागदावर नवीन चित्र वाळत होतं. सगळीकडे काळं, मधे तळहाताएवढा दिवा, आणि त्याला खळं. निळं, हिरवं, पिवळं, तांबडं, एकातून एक उमलत गेलेलं, जिवंत. इतकं सुंदर चित्र त्यांनी कधीच काढलं नव्हतं.  ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं त्यांनी चित्र उघड्यावर ठेवून औषध लपवलं होतं. मी गादीखालून बाटली काढून हलवली तर ती भरलेली होती.

हॉटेलवाल्याला मी फोनवर सगळं सांगितलं. खळं म्हणजे काय, काळा रंग म्हणजे काय, बोगदा कुठला.  तो हळूच म्हणाला, "वहिनी, मग ते शेवटचं... ते तरी पाठवाल का?"

मी फोन ठेवला. नंतर त्यानं माफी मागितली, काकांच्या औषधाला काही लागलं तर कळवा म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. पण पुन्हा मी त्याला काही पाठवलं नाही. ते चित्र मी कपाटावर उलटं करून ठेवलंय.

तेव्हापासून थेंब मी घालते. मामा दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. सकाळी चहाच्या आधी मी त्यांना खाटेवर बसवायचे, मान मागं करायचे, पापणी बोटानं धरायचे. बाटली डोळ्यासमोर आली रे आली की ते डोळा असा गच्च मिटायचे, लहान पोरानं कडू औषधाला तोंड मिटावं तसा. मी पापणी ओढायचे, ते मान फिरवायचे. "सूनबाई, एक दिवस राहू दे," म्हणायचे. कधी शिवी द्यायचे. कधी थेंब गालावर पडायचा, मग पुन्हा दुसरा. आत्या म्हणायच्या, रोजचं कुस्तीचं मैदान झालंय. मी म्हणायचे, होऊ द्या. खरं सांगायचं तर त्या भांडणाचा मला आधार होता. ते चिडतायत, अंग चोरतायत, म्हणजे त्यांना बाटली येताना दिसतेय.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळ नेहमीसारखीच होती, ऊन खाटेपर्यंत आलेलं. मी मान मागं केली, पापणीला बोट लावलं आणि ओढाताणीच्या तयारीनं बाटली पुढं केली. डोळा उघडाच राहिला. मी बाटली आणखी जवळ नेली. उघडाच. मला वाटलं आज शहाणे झाले, आज ऐकलं माझं. मी बाटली डावीकडे नेली, उजवीकडे नेली. बुबुळ जागचं हललं नाही.

बाटली दाबली गेली आणि थेंब पडला. डोळ्यात पडल्यावर ते दचकले.

"घातला व्हय?" मामा म्हणाले. "आज सांगितलं न्हाईस आधी."

मी बाटलीचं टोपण लावलं आणि चहा आणते म्हणाले.